नो-गो गेजवर बोल्ट बंद होतो, पुंगळ्याही फाटतात : जुन्या ली-एनफील्डचा हेडस्पेस नीट कसा तपासावा

शनिवारी रात्री माझ्या जुन्या ली-एनफील्ड रायफलीत नो-गो गेज (ज्यावर बोल्ट बंद होऊ नये असा ठरावीक जाडीचा ठोकळा) घातला, तर बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ अर्ध्यावरच अडली. म्हणजे रायफल पास. रविवारी सकाळी मित्र आला, त्याला दाखवावं म्हणून तोच गेज पुन्हा काढला. रायफल तीच, पण गेज त्याने स्वतःच्या हाताने घातला, आणि मूठ सरळ खाली गेली. म्हणजे रायफल नापास. एका रात्रीत पोलाद काही झिजत नाही. चूक मोजण्यात होती, आणि ती कुठे होती हे सापडायला मला बरेच दिवस लागले.

या तक्रारीसोबत बहुतेक वेळा दुसरी एक तक्रार येते. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, रिमपासून (बुडाच्या कडेपासून) साधारण सेंटिमीटरभर वर गोल चिरतात. आधी तिथे चकचकीत कडं दिसतं, मग बारीक भेग पडते, आणि एखाद्या दिवशी बोल्ट उघडला की पुंगळीची नुसती बुडाची वाटी बाहेर येते आणि उरलेली नळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, अडकून राहते. दोन्ही तक्रारींवर रेंजवरचे जाणकार एकच निदान करतात : हेडस्पेस (बोल्ट आणि नळी यांच्यात रिमसाठी उरणारी जागा) वाढला, मोठा बोल्ट हेड (बोल्टच्या टोकाचा सुटा तुकडा) बसव. माणूस तो मागवतो, बसवतो, आणि चार महिन्यांनी पुंगळ्या पुन्हा फाटतात. मीही या चक्रातून दोनदा गेलो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे.

माझी रायफल नंबर चार मार्क एक स्टार, १९४३ ची. टोरांटोच्या पश्चिमेला, ओंटारिओ सरोवराच्या काठावर लाँग ब्रँचला दुसऱ्या महायुद्धात जो कारखाना उभा राहिला, तिथली. मी राहतो तिथून ती जागा गाडीने अर्ध्या तासावर आहे. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि खांदा दोन दिवस दुखला होता, तेव्हापासून या रायफलीची ओढ होती. पुढे भोसरीला टूलरूममध्ये सात वर्षं काढली, त्यामुळे मायक्रोमीटर आणि ब्लू मॅचिंग (निळा रंग लावून दोन पृष्ठं कुठे टेकतात ते पाहणं) हातात बसलं. इथे आल्यावर परवाना काढून ही घेतली. विकणाऱ्याने चिठ्ठी जोडली होती, ‘हेडस्पेस तपासलेला आहे’. कुठल्या गेजने, किती भरला, याचा त्या चिठ्ठीत एक शब्द नव्हता. अशी चिठ्ठी मिळाली तर ती बाजूला ठेवा आणि स्वतः मोजा.

आधी नक्की काय मोजायचं आहे ते पाहू. .३०३ चं काडतूस रिमचं आहे. म्हणजे बुडाला बाहेर आलेली कडा असते, आणि ती कडा नळीच्या मागच्या तोंडावर टेकते. काडतूस पुढे किती जाणार हे ही कडा ठरवते, मागे किती सरकणार हे बोल्टचं तोंड ठरवतं. बोल्ट पूर्ण बंद असताना या दोन पृष्ठांमध्ये जी जागा उरते तो हेडस्पेस. पुंगळीचा खांदा, तिची लांबी, गोळी कुठवर बसली आहे, यांचा या मापाशी काहीही संबंध नाही. हे वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढचा निम्मा गोंधळ सुटतो.

आता आकडे. टूलरूमच्या भाषेत थाऊ म्हणतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. .३०३ च्या रिमची जाडी जास्तीत जास्त ६४ थाऊ, म्हणजे १.६३ मिलिमीटर. कमीत कमी ५४ चालते. बाजारात व्यावसायिक मापाचे तीन गेज मिळतात : गो ६४ थाऊ, नो-गो ६७, फील्ड ७०. ब्रिटिश लष्कराच्या आर्मररकडे मात्र दोनच असत, खालचा ६४ आणि वरचा ७४. वरच्या गेजवर बोल्ट बंद झाला नाही की रायफल सेवेत राहायची. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ७४ थाऊ म्हणजे १.८८.

म्हणजे ज्या रायफलीला लष्कराने ७४ पर्यंत मुभा दिली होती, तिला आपण ६७ च्या गेजवर नापास करतो. नो-गोवर बोल्ट बंद झाला म्हणून लोक घाबरतात, पण नो-गो हा नव्या नळीसाठी आणि नव्याने बसवलेल्या बोल्टसाठी आहे. ऐंशी वर्षं वापरलेली रायफल नो-गोवर बंद झाली तर त्याचा अर्थ एवढाच की ती नवी नाही. खरा प्रश्न फील्ड गेजवर सुरू होतो. ७० वर बंद होत नसेल तर मी त्या रायफलीने निश्चिंतपणे नेम धरतो. ७० आणि ७४ च्या मध्ये असेल तर लष्करी नियमाने ती चालते, पण पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्याने तिथे थांबून दुरुस्ती करावी असं माझं मत आहे. ७४ वर बंद झाली तर तिच्यातून एकही गोळी झाडायची नाही. गेज विकत घेताना त्यावर कोरलेला आकडा वाचा. नुसतं ‘नो-गो’ लिहिलेला, आकडा नसलेला गेज घेऊ नका.

शनिवार-रविवारचा घोळ

शनिवारी मी गेज चेंबरमध्ये टाकला आणि बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट हेडवर एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारी, आकडी असते, तिच्या मागे स्प्रिंग. गेज आधीच चेंबरमध्ये बसलेला असल्यामुळे त्या आकडीला गेजच्या कडेवर चढून पलीकडे जावं लागत होतं. शिवाय ली-एनफील्डची रचना अशी की स्ट्रायकरची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईची) मोठी स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलतानाच दाबली जाते. या दोन स्प्रिंगांचा विरोध माझ्या बोटांना लागला आणि मी समजलो, गेज अडला. रविवारी मित्राने गेजची कडा आधी आकडीखाली सरकवली आणि मग बोल्ट पुढे नेला, तोही माझ्यापेक्षा जोर लावून. आकडीचा विरोध गेला, बोल्ट बंद झाला. शनिवारचा निकाल खोटा होता, आणि रविवारचाही विश्वास ठेवावा असा नव्हता, कारण जोर लावल्यावर मूठ तरफेसारखी काम करते आणि चार-दोन थाऊ सहज दाबून टाकते.

म्हणून पहिला नियम : हेडस्पेस मोजायचा तो रिकाम्या बोल्टने. स्ट्रायकर बाहेर, स्ट्रायकरची स्प्रिंग बाहेर, एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग बाहेर. ज्याने हे केलं नाही त्याचा आकडा मी ऐकूनही घेत नाही.

काम सुरू करण्याआधी जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. मार्क एक स्टारमध्ये बोल्ट काढायला वेगळा खटका नाही. बोल्ट हेड ज्यावरून सरकतं त्या उजव्या रुळावर पुढच्या बाजूला एक खाच आहे. बोल्ट मागे घेत बोल्ट हेड त्या खाचेपाशी आणायचं, हेड वर उचलायचं, मग बोल्ट मागे ओढून काढायचा. या खाचेच्या कडा भिंगाखाली नीट पाहून घ्या. तिथला रूळ तुटणं हा मार्क एक स्टारचा जुना आजार आहे. कडा उडाल्या असतील तर बोल्ट मागे-पुढे करताना हेड मधेच रुळावरून सुटतं.

बोल्ट हेड आट्यांवर असतं, ते फिरवून काढा. एक्स्ट्रॅक्टरचा स्क्रू अगदी लहान आहे, त्याच्या खाचेत घट्ट बसणाराच पेचकस वापरा, नाहीतर खाच झिजते आणि तसा स्क्रू पुन्हा मिळायला महिना जातो. स्ट्रायकर कॉकिंग पीसमध्ये (बोल्टच्या मागच्या टोकाच्या तुकड्यात) आट्यांवर बसवलेला असतो आणि एका छोट्या स्क्रूने अडकवलेला. तो काढायला पोकळ नळीसारखं खास हत्यार लागतं. ते फार महाग नाही. पकडीने किंवा चिमट्याने प्रयत्न करू नका. स्ट्रायकरच्या कॉलरवर ओरखडे पडतात, टोक वाकतं, आणि वाकलेलं टोक प्रायमर (काडतूस पेटवणारी बुडाची टिकली) भोसकू शकतं.

मग स्वच्छता. या पायरीवर लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि म्हणूनच मी इथे रेंगाळणार आहे. जुन्या लष्करी रायफली साठवताना घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवत. ते ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि अशा तीन ठिकाणी बसतं जिथे बोट पोचत नाही : बोल्ट हेडच्या आट्यांच्या मुळाशी, लग (बोल्टला जागी अडकवून ठेवणारा उंचवटा) ज्या खोबणीत जाऊन बसतो तिथे, आणि नळीच्या मागच्या तोंडावर, जिथे रिम टेकते. नळीच्या तोंडावर दोन थाऊचा थर असला की गेज दोन थाऊ मागे बसतो आणि बोल्ट बंद होत नाही. बोल्ट हेडच्या मागे थर असला की बोल्ट तेवढा लांब होतो, परिणाम तोच. म्हणजे घाण नेहमी हेडस्पेस खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवते, रायफल पास करून टाकते. म्हणून मळक्या रायफलीवर मिळालेला ‘पास’ मी पास धरत नाही. मळक्या रायफलीवरचा ‘नापास’ मात्र गंभीरपणे घ्या, स्वच्छ केल्यावर तो आकडा आणखी वाढण्याचीच शक्यता आहे.

माझ्या रायफलीत नळीच्या तोंडावर पितळेचा एक पापुद्रा चिकटलेला होता, आधी फाटलेल्या कुठल्या तरी पुंगळीचा. टॉर्च आणि दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा घेऊन बसलो तेव्हा दिसला. मिनरल टर्पेंटाइन, जुना टूथब्रश, बांबूची काडी, शेवटी कोरडं फडकं. चेंबर आणि लगच्या बैठका अगदी कोरड्या करा. गेजही पुसा, कारण तेलाचा थरही मोजला जातो.

आता मोजणी. रायफलीचं तोंड जरा खाली करून गेज चेंबरमध्ये सोडा. रिकामा बोल्ट पुढे न्या. मूठ फक्त तर्जनीच्या टोकाने खाली टेकवा, जोर नाही. रिकामा बोल्ट मोकळा असला की मूठ जवळपास स्वतःच्या वजनाने खाली येते. गो गेजवर ती पूर्ण खाली यायला हवी. आली नाही तर हेडस्पेस कमी आहे, आणि जाड रिमच्या काडतुसावर बोल्ट बंद करायला जोर लागेल. नो-गो आणि फील्डवर ती कुठे अडते ते पाहा. प्रत्येक गेज पाच वेळा घाला. पाचही वेळा एकाच जागी अडला पाहिजे. एकदा इथे, एकदा तिथे असं होत असेल तर कुठे तरी घाण आहे किंवा गेज तिरका बसतो आहे. मागे जा, पुन्हा पुसा.

मूठ अडते की नाही एवढ्यावर मी थांबत नाही, आकडा काढतो. गो गेज ६४ चा. त्याच्या पाठीवर पितळी शिमची (पातळ पत्र्याची) गोल चकती ठेवायची, आधी दोन थाऊची, मग तीनची, मग चारची, ज्या जाडीवर मूठ पहिल्यांदा अडेल तिथे थांबायचं. चकती मायक्रोमीटरने आधी मोजून घ्या, पाकिटावरच्या आकड्यावर भरवसा नको. काही जण सेलोटेप लावतात. टेप दाबली जाते, आणि कापताना तिच्या कडा उचलल्या जातात, म्हणून मला ती पसंत नाही. माझ्या रायफलीत चार थाऊवर मूठ खाली गेली आणि पाचवर अडली. म्हणजे हेडस्पेस ६८ आणि ६९ च्या मधे. नो-गोवर बंद होणारच होती, फील्डवर होणार नव्हती. रविवारचा निकाल खरा होता, पण घाबरण्यासारखा नव्हता.

आकडा वहीत लिहा, तारखेसह. वर्षाने पुन्हा मोजा. ६८ चा ६८ च राहिला तर रायफल स्थिर आहे. एका मोसमात ६८ चा ७१ झाला तर लग किंवा त्यांच्या बैठका दबताहेत, आणि मोठा बोल्ट हेड लावून ते थांबणार नाही. एका मोजणीवरून हा फरक कधीच कळत नाही.

बोल्ट हेड बदलायचं असेल तर

नंबर चारच्या बोल्ट हेडवर ०, १, २ किंवा ३ आकडा असतो. शून्य सर्वांत आखूड, तीन सर्वांत लांब, दर आकड्याला साधारण पाच थाऊंची पायरी. पण ही पायरी म्हणजे एक पट्टा आहे. शून्याचं लांब हेड आणि एकचं आखूड हेड जवळपास सारखं भरू शकतं. मी पहिल्यांदा शून्य काढून एक लावलं आणि हेडस्पेस एका थाऊने कमी झाला. पाचने होईल अशी माझी अपेक्षा होती. पैसे गेले. आकडा पाहून हेड घेऊ नका, विकणाऱ्याला मायक्रोमीटरने लांबी मोजून सांगायला लावा : तोंडापासून बोल्टच्या नळकांड्याला टेकणाऱ्या खांद्यापर्यंत. तीन नंबरचं हेड आता दुर्मीळ आहे आणि त्याची किंमतही तशीच सांगतात. त्याआधीच्या नंबर एक रायफलीला, म्हणजे १९०७ च्या मार्क तीनच्या घराण्याला, असे आकडे नसतात. तिथे हेडं मोजून निवडावी लागतात, आणि नंबर चारची हेडं तिला बसत नाहीत.

हेड बसवल्यावर एक गोष्ट जरूर पाहा. हेड आट्यांवर शेवटपर्यंत फिरवा आणि बोल्टच्या बरगडीच्या रेषेच्या पुढे ते किती जातं ते बघा. पंधरा-वीस अंशांपेक्षा जास्त पुढे जात असेल तर ते हेड त्या बोल्टला योग्य नाही. कारण वापरताना हेड रेषेत येतं तेव्हा त्याचा खांदा नळकांड्याला टेकलेला राहत नाही, आणि गोळी सुटतानाचा धक्का आट्यांवर येतो. त्या आट्या धक्का सोसायला केलेल्या नाहीत.

आणि नंबर जुळतात का ते तपासा. बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. न जुळणारा बोल्ट असला तरी हेडस्पेस बरोबर भरू शकतो, आणि इथेच माणूस फसतो. ली-एनफील्डचे लग मागच्या बाजूला आहेत, उजवीकडे लांब बरगडी, डावीकडे आखूड लग. दोन्हींनी भार वाटून घ्यायचा असतो. कारखान्यात बोल्ट बसवताना कारागीर हे जुळवून देत असे. परका बोल्ट एकाच बाजूला टेकतो. गेज हे सांगत नाही, ब्लू सांगतो. लगच्या मागच्या पृष्ठांवर प्रशियन ब्लूचा अगदी पातळ हात मारा, गो गेज आणि वर शिम ठेवून बोल्ट हलक्या दाबाने बंद करा, उघडा, आणि बैठकांवर रंग कुठे उमटला ते पाहा. दोन्हीकडे उमटला तर उत्तम. एकीकडेच उमटला तर कानस उचलू नका. लगचं पृष्ठ कडक केलेलं असतं, कानशीने तो थर गेला की खालचं मऊ पोलाद झपाट्याने दबतं. हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचं आहे. भोसरीत डायवर हेच काम मी शेकडो वेळा केलं आहे, तरीही माझ्या रायफलीच्या लगला मी कानस लावलेली नाही.

पुंगळ्या का फाटतात

आता दुसरी तक्रार. माझा हेडस्पेस ६८ ठरला, एकचं दुसरं, लांब भरणारं हेड मिळालं, ते लावून ६५ वर आणला. पुंगळ्या तरीही तिसऱ्या भरणीला चिरल्या. तेव्हा मी रिम मोजायला बसलो. माझ्या पुंगळ्यांच्या रिम ५८ थाऊच्या होत्या. म्हणजे हेडस्पेस ६५ असूनही काडतुसाला सात थाऊ मोकळी जागा होतीच. हेडस्पेस हे रायफलीचं माप आहे. काडतुसाला प्रत्यक्षात किती फट मिळते हे त्यातून रिमची जाडी वजा केल्यावर कळतं, आणि ती फट गेज दाखवत नाही.

पण सात थाऊने एवढं फाटत नाही. खरं कारण खांद्यापाशी होतं. लष्करी .३०३ चं चेंबर पुढच्या बाजूला ऐसपैस असतं, चिखलात पडलेलं, ओलं, वाकडंतिकडं काडतूसही आत जावं म्हणून. रिम पकडून ठेवते, त्यामुळे खांद्याला मोकळी जागा असली तरी गोळी सुटते, सैनिकाला काही फरक पडत नाही. तो पुंगळी उचलून पुन्हा भरत नव्हता. आपण भरतो. गोळी सुटते तेव्हा पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती चेंबरला चिकटतात, जाड बूड मागे बोल्टच्या तोंडावर जातं, आणि दोन्हींच्या मधला भाग ताणला जातो. खांदाही पुढे फुगून चेंबरभर होतो. मग आपण ती पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमध्ये (पुंगळीला मूळ आकारात आणणाऱ्या साच्यात) घालून खांदा पुन्हा मागे ढकलतो. पुढच्या वेळी ती पुन्हा ताणली जाते, त्याच जागी. तार वाकवून-सरळ करून तोडावी तसं हे चालतं. हेडस्पेस अगदी ६४ असला तरी हे होणार.

पुंगळी आतून चाचपून पाहा. पेपर क्लिपची तार सरळ करा, टोकाला छोटा काटकोन द्या, टोक जरा धारदार करा. आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढत आणा. ताणलेल्या जागी तार खळगीत अडकते. अडकली की ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, बाहेरून कितीही चांगली दिसली तरी.

उपाय असा. नव्या पुंगळीला पहिल्यांदा झाडताना रिमच्या पुढे बारीक रबरी ओ-रिंग चढवा. बोल्ट बंद होताना ती दबते आणि काडतुसाला मागे बोल्टच्या तोंडावर धरून ठेवते. त्यामुळे बूड मागे धावत नाही, आणि पुंगळी खांद्याच्या बाजूने फुगून चेंबरशी जुळते. यापुढे त्या पुंगळीची फक्त मान डायमध्ये घ्यायची, खांद्याला हात लावायचा नाही. आता ती रिमवर अवलंबून न राहता खांद्यावर टेकते, फट जवळपास उरतच नाही. या पुंगळ्या त्याच रायफलीच्या, दुसऱ्या रायफलीत घालू नका, डब्यावर नंबर लिहून ठेवा. चेंबर कोरडं ठेवा. तेलकट चेंबरमध्ये पुंगळीच्या भिंती पकड घेत नाहीत आणि सगळा दाब बोल्टवर जातो. हे सुरू केल्यापासून माझी एकही पुंगळी तिसऱ्या भरणीला फाटलेली नाही. पहिल्या लॉटमधल्या बऱ्याच आठव्या भरणीपर्यंत आल्या आहेत, तारेने तपासून.

प्रत्यक्ष फट मोजायची आणखी एक रीत आहे. दारू नाही, गोळी नाही अशा रिकाम्या पुंगळीत नुसता नवा प्रायमर बसवा, आधी बुडाची एकूण जाडी व्हर्नियरने मोजा. चष्मा आणि कानात प्लग घालून तो रेंजवर झाडा. स्ट्रायकर पुंगळीला पुढे ढकलतो आणि प्रायमर मागे सरकून बोल्टच्या तोंडाला टेकतो. तो जितका बाहेर आला तितकी फट. पाच पुंगळ्यांची सरासरी घ्या. त्यात रिमची जाडी मिळवली तेव्हा माझ्या शिमच्या आकड्याशी हे एका थाऊच्या आत जुळलं, तेव्हा कुठे माझा माझ्या मोजणीवर विश्वास बसला.

इतर रायफलींबद्दल थोडं. इशापूरच्या २ए आणि २ए१ दिसायला थ्री नॉट थ्रीच्या भावंडांसारख्या, पण १९६२ च्या चीन युद्धानंतर त्या ७.६२ नाटो काडतुसासाठी केल्या गेल्या. ते काडतूस रिमचं नाही. तिथे हेडस्पेस बोल्टच्या तोंडापासून पुंगळीच्या खांद्यापर्यंत मोजतात, .३०३ चा गेज तिला लावणं निरर्थक. शिवाय .३०८ विंचेस्टरचे व्यावसायिक गेज १.६३०, १.६३४ आणि १.६३८ इंचांचे असतात. लष्करी नाटो चेंबर मुळातच त्यापेक्षा लांब असतं, म्हणून ती नो-गोवर बंद झाली तर लगेच निकाल देऊ नका. माउझर ९८ मध्येही खांद्यावरूनच माप. तिथे काम सोपं, सेफ्टी मधल्या स्थितीत ठेवून मागचा भाग हाताने फिरवला की स्ट्रायकर बाहेर येतो, हत्यार लागत नाही. तिचे लग पुढे आहेत, रिसीव्हरमधल्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यातल्या) त्यांच्या बैठका दबल्या असतील तर मूठ उचलताना खाचेत अडकल्यासारखी लागते. आणि अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ घेणार असाल तर गेजच्या आधी क्रमांक पाहा. स्प्रिंगफील्डच्या कारखान्याचा ८,००,००० च्या खालचा आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या खालचा रिसीव्हर चुकीच्या उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ असू शकतो. त्याचा हेडस्पेस अगदी अचूक भरेल, तरीही मी त्यातून गोळी झाडणार नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी : तिथे .३०३ हा सर्वसामान्य परवान्यावर न मिळणारा प्रतिबंधित बोअर (नळीच्या व्यासाचा प्रकार) आहे. परवान्यावर मिळते ती बहुधा .३१५ ची इशापूर रायफल, ली-एनफील्डच्याच घडणीची, काडतूसही रिमचंच. पण त्या रिमचं माप वेगळं आहे, .३०३ चे गेज तिला वापरू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती, बदल आणि चाचणी यांना वेगळा परवाना लागतो. म्हणून आजोबांची रायफल घरी उघडून बसण्यापेक्षा परवानाधारक कारागिराकडे न्या. त्याला मात्र दोन प्रश्न नक्की विचारा : स्ट्रायकर आणि एक्स्ट्रॅक्टर काढून मोजलं का, आणि आकडा किती आला. ‘ठीक आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, आकडा लिहून मागा.

राहता राहिली ती रायफल, जी तीन नंबरचं हेड लावूनही ७४ वर बंद होते. तिची नळी मागे बसवून घेणं हा एक मार्ग, कारागीर एक आटा मागे घेऊन चेंबर पुन्हा कापतो, पण नळीवरच्या खाचा आणि साइट पुन्हा जुळवाव्या लागतात आणि खर्च रायफलीच्या किमतीजवळ जातो. लगच्या बैठका दबलेल्या असतील तर तोही मार्ग बंद. अशी एक रायफल माझ्या ओळखीच्या एका वृद्ध सैनिकाकडे आहे, त्यांच्या वडिलांची. मी मोजली, ७६ आला. त्यांच्यासमोर बोल्टमधून स्ट्रायकर काढला, वेगळ्या पाकिटात घातला, मुठीला लाल चिठ्ठी बांधली आणि तीवर आकडा आणि तारीख लिहिली. ती आता कुलूपबंद कपाटात असते. दर नोव्हेंबरात ते तिला तेलाचा हात मारतात, आणि तेवढ्यासाठी मला बोलावतात.